कोपऱ्यातली टाकी

पाहुण्यांची गाडी आली की हात थांबवायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, असा द्राक्षबागेतला नियम होता. थोरलीनं गाडीचा आवाज ऐकला आणि मान आणखी खाली घातली. डाव्या हातात घड धरायचा, देठाला कात्री लावायची, घड क्रेटमध्ये ठेवायचा आणि पुढं सरकायचं. उजाडल्यापासून तेच चाललं होतं. बोटं रसानं चिकट झाली होती, त्यावर धूळ बसून काळी पुटं चढली होती आणि गांधीलमाश्या येऊन त्या पुटांवरच बसत होत्या.

या वर्षी उन्हानं घात केला होता. एरवी बागेचा एक तुकडा उतरवून झाला की दुसरा पिकायचा. या खेपेला असा काही जाळ पडला की सगळी बाग एकदमच पिकली. घड वेलीवरच सुकायला लागले. माणसं तेवढीच आणि कारखान्यातल्या वाईनच्या टाक्याही तेवढ्याच. मुकादम सकाळपासून घसा फोडून ओरडत होता, आणि दुपारी त्याच्या घशातून नुसती हवा निघायला लागली तेव्हा हातवारे करून ओरडत होता.

पाहुणे गाडीतून उतरले. त्यांना वाटेतच गवताच्या टोप्या वाटल्या होत्या. प्रत्येकाला एक छोटी कात्री मिळायची, एक घड कापायचा, फोटो काढायचा आणि मग हॉलमध्ये वाईनची चव बघायला जायचं, असा कार्यक्रम होता. त्यातली एक बाई थोरलीच्या ओळीत शिरली.

"जरा बाजूला होता का? फोटोत येताय तुम्ही."

थोरली क्रेट ओढून बाजूला झाली. बाईनं घड धरला, कात्री भलतीकडेच लावली आणि घड खाली पडला. तिनं दुसरा घेतला. तो तोंडाशी धरून हसली, फोटो झाला. जाताना पडलेल्या घडावर तिचा पाय पडला.

"किती छान ना," ती नवऱ्याला म्हणाली, "रोज असं मोकळ्या हवेत काम करायचं!"

शेजारच्या ओळीतून थोरलीची धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "मग या की उद्या. तुम्हाला मोकळी हवा, मला एसी गाडी."

दोघी मान खाली घालून हसल्या. थोरलीला हसू आलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. वर्षभरात फार वेळा आलं नव्हतं.

तेवढ्यात मुकादमानं हातानं खूण केली. जवळ येऊन तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "थोरले, हात धू आणि हॉलमध्ये जा. आज तिथली बाई आली नाही."

"मी? मला नाही जमायचं तिथलं."

"ग्लास उचलायला काय जमायचंय? मालकीणबाईंनीच सांगितलंय. सावलीत काम मिळतंय, तर उपकार मान."

उपकार हा शब्द थोरलीच्या घरात गेलं वर्षभर मुक्कामाला होता. गेल्या हंगामात तिचा नवरा टाकीत मेला. वाईन काढून घेतली की टाकीच्या तळाशी द्राक्षांच्या सालींचा चोथा उरतो. टाकीला खाली गोल दार असतं, माणूस वाकून आत जाईल एवढं. त्यातून आत शिरायचं आणि फावड्यानं चोथा बाहेर ओढायचा. पण चोथ्यातून वायू निघत राहतो. त्याला रंग नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि तो माणसाचा श्वास खातो. म्हणून वरचं झाकण आणि खालचं दार उघडं टाकून, पंखा लावून टाकी दिवसभर वाऱ्यावर ठेवायची असते. हे बागेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी घाई होती. कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीचं दार उघडलं आणि लगेच त्याला आत धाडला. फावड्याचा आवाज थांबला, तेव्हा बाहेरच्यांना वाटलं की दम खातोय.

"प्यायला होता," असं दुसऱ्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या. "आत बसून उरलेली वाईन ढोसत असणार."

तो कधी प्यायचाच नाही असं नव्हतं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या आग्रहाला घ्यायचा थोडी. तेवढ्यावरच ते खोटं पक्कं बसलं. पण त्या सकाळी तिच्यासमोर चहा पिऊन, फाटक्या बुटाला शिव्या घालत तो गेला होता. तिनं तसं सांगितलं. मग मालकीणबाईंनी सासऱ्याला विचारलं, "काय हो म्हातारबा, घ्यायचा ना तुमचा मुलगा?" आणि म्हाताऱ्यानं मान हलवली. त्या हललेल्या मानेवर कारखान्यामागच्या दोन खोल्या घराकडे राहिल्या. मेला तो प्यायलेला ठरला आणि राहिले त्यांच्यावर उपकार झाले.

थोरलीनं हात घासून धुतले. नखांतला काळा रंग निघाला नाही.

हॉल थंडगार होता. लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर ग्लासांच्या रांगा. पाहुण्यांना माहिती सांगणारा तरुण माणूस मधोमध उभा होता. रोज तेच, त्याच सुरात सांगतो म्हणून कामगार त्याला पोपट म्हणत.

"मंडळी, ग्लास थोडा तिरका धरा. आता नाक आत घाला. लाजू नका! कशाचा वास येतोय?"

"चॉकलेट!" एक जण म्हणाला.

"ओली माती!"

"मला चामड्याचा येतोय," फोटोवाल्या बाईचा नवरा म्हणाला, आणि त्यानं ते इतक्या गंभीरपणे म्हटलं की बाकीच्यांनीही नाकं पुन्हा आत घातली.

पोपटानं थोरलीच्या हातात एक चकचकीत बादली दिली. "मावशी, ही घेऊन फिरायचं. घोट तोंडात खेळवून झाला की ते यात थुंकतील. समोर धरायची, नीट."

थोरली पोपटापेक्षा चार-दोन वर्षांनीच मोठी असेल. ती बादली घेऊन फिरायला लागली. पाहुणे घोट घ्यायचे, गाल फुगवायचे, डोळे मिटायचे आणि तिच्या पोटाशी धरलेल्या बादलीत थुंकायचे. कुणी नेमकं थुंकायचा, कुणाचे शिंतोडे तिच्या मनगटावर उडायचे. एकानं "सॉरी हं" म्हटलं, तेही बादलीकडे बघत. उन्हात उभं राहून एकेक घड तोडायचा, उचलायचा, वाहायचा, आणि शेवटी हे.

मग पोपट सगळ्यांना मागच्या दारानं टाक्यांकडे घेऊन गेला. थोरली बादली घेऊन मागोमाग.

"आणि ही कोपऱ्यातली टाकी," पोपट थांबला, आवाज उतरवला. "हिची एक गोष्ट आहे. आमच्या एका कामगाराला हिच्यातली वाईन इतकी आवडली, इतकी आवडली, की गडी साफ करायच्या निमित्तानं आत शिरला... तो बाहेर आलाच नाही!"

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे सुखानं गेला बिचारा. आता सांगा, याहून मोठं सर्टिफिकेट कुठल्या वाईनला मिळेल? आमची सगळ्यात जास्त खपते ती हीच."

पाहुणे हसले. फोटोवाली बाई "अगं बाई!" म्हणून हसली. तिच्या नवऱ्यानं ग्लास टाकीच्या दिशेनं वर केला.

थोरलीला कानात नुसतं घूं ऐकू यायला लागलं. कुणीतरी तिच्यासमोर येऊन थुंकलं. तिनं बादली धरून ठेवली. हे तिला नंतर सगळ्यात जास्त लागलं. आपण बादली धरून ठेवली.

संध्याकाळी खोलीत शिरल्या शिरल्या ती बोलायला लागली. सासरा दारातल्या स्टुलावर बसून कात्रीला धार लावत होता. दीर उघड्या अंगानं पाठीला तेल चोळून घेत होता, धाकटी चोळत होती. दीर इतका उंच होता की सगळी बाग त्याला लंब्याच म्हणायची. खोलीत वावरताना त्याला कायम मान वाकवावी लागे.

"हसतात," थोरली म्हणाली. "त्याच्या मरणावर हसतात. रोज हसत असतील. रोज दोन-दोन गाड्या येतात."

ती सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, ऐकलंत का?"

"ऐकलं," म्हातारा म्हणाला. दगडावर कात्री घासत राहिला. "लोकांचं काय, बोलतात. आपण आपलं काम बघावं."

"लोक नाही बोलत. मालकीणबाई वदवून घेतात. आणि त्यांच्या तोंडात ते घातलं कुणी? तुम्ही. मान कुणी हलवली?"

"ताई!" धाकटी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का? ती मान हलली म्हणून डोक्यावर छप्पर आहे. नाहीतर कुठं गेलो असतो आपण? गेलेलं माणूस काही परत येत नाही. उगाच असलेलं घालवून बसू."

"तुझा नवरा बसलाय तुझ्यासमोर. तुला बोलायला काय जातंय?"

धाकटीचा हात पाठीवर थांबला. मग ती पुन्हा चोळायला लागली, जरा जास्तच जोरात. लंब्या कळवळला.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "कसं सांगू... उद्या ती टाकी मलाच साफ करायला सांगितलीय. कोपऱ्यातली."

म्हाताऱ्याची कात्री दगडावर थांबली.

"वारा द्यायला ठेवलीय ना उघडी?" थोरलीनं विचारलं.

"आज तर वाईन काढून घेतली. सकाळी दार उघडायचं आणि लगेच आत जायचं, म्हणतो मुकादम. द्राक्षं उन्हात पडलीत, टाकी पाहिजे. आणि शनिवारी मोठी पाहुणेमंडळी येणार आहेत, त्यांना तिथं चोथ्याची घाण दिसायला नको."

"तुम्ही नाही म्हणालात ना?"

"काय म्हणू? पटकन जाऊन येतो. श्वास धरून धरून करायचं. मी काय दादासारखा..." तो बोलता बोलता थांबला.

"दादासारखा काय, भाऊजी? बोला ना. प्यायलेला?"

लंब्याचा चेहरा पडला. थोरली बाहेर जाऊन ओट्यावर बसली. आतून बराच वेळ धाकटीची भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. ती भांडी कशाला आपटत होती ते थोरलीला कळत होतं. जेवायला कुणी कुणाला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमधली बाई पुन्हा आली नव्हती. थोरलीच्या हातात पुन्हा बादली आली. पाहुणे नवे, टोप्या त्याच. पोपटानं ग्लास तिरका धरायला सांगितला, नाकं आत गेली. या वेळी कुणाला मधाचा वास आला, कुणाला लाकडाचा. मागचं दार उघडायच्या आधीच तो गोष्टीवर आला, कारण बाहेर टाकीपाशी काम चालू होतं.

"मंडळी, या दारामागे एक टाकी आहे. आमच्या एका कामगाराला तिच्यातली वाईन इतकी आवडली..."

"तो माझा नवरा," थोरली म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता, पण सगळी डोकी तिच्याकडे वळली. पोपटानं हसरा चेहरा तसाच ठेवला.

"तो प्यायला नव्हता. चहा पिऊन गेला होता. टाकीत हवा नव्हती आणि यांना घाई होती. गुदमरून मेला. सुखानं नाही मेला. बाहेर काढला तेव्हा नखं तुटली होती त्याची."

मग मागच्या रांगेत एकानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. "वा, काय अॅक्टिंग आहे!" तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि आणखी दोघा-तिघांनी चाचरत टाळ्या धरल्या.

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. थोबाडीत मारली असती तर तिला कमी लागलं असतं. तिनं बादली पांढऱ्या चादरीवर पालथी केली. सगळ्यांची थुंकी, सगळ्यांची वाईन ग्लासांच्या मधून पसरत गेली आणि टेबलाच्या कडेनं पाहुण्यांच्या बुटांवर ठिबकायला लागली. टाळ्या थांबल्या.

त्याच वेळी मागचं दार धाडकन उघडलं. दारात धाकटी उभी होती. हातात कात्री तशीच, चेहरा पांढराफटक.

"ताई, चला! मी पाय धरले, तरी ऐकत नाहीत. निघालेत आत."

थोरली धावली. कोपऱ्यातल्या टाकीचं गोल दार उघडं होतं, त्यातून आंबूस गरम भपका येत होता. वरचं झाकण बंदच होतं. लंब्या फावडं घेऊन वाकला होता. डोकं आणि एक खांदा आत गेला होता. मुकादम मागून "चल, चल" करत होता. थोरलीनं दिराच्या कमरेचा पट्टा धरला आणि मागं ओढला. धाकटीनं पाय ओढले. एवढा उंच माणूस फरशीवर आडवा झाला आणि खोकायला लागला. एवढ्याशा वेळात त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

थोरली टाकीकडे पाठ करून त्या दारात बसली. दार तिच्या अंगानं भरून गेलं. पाठीला चोथ्याची ऊब लागत होती.

"ऊठ," मुकादम म्हणाला.

"नाही उठत."

"थोरले, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. गेल्या वर्षीच फिरायला पाहिजे होतं."

आरडाओरडा ऐकून मालकीणबाई आल्या. मागोमाग पोपट आणि त्याच्यामागे पाहुणे. काहींच्या हातात अजून ग्लास होते. बागेतून कामगारही गोळा झाले. मागं म्हातारा उभा होता, धाप लागलेला.

मालकीणबाईंनी एकदा पाहुण्यांकडे बघितलं आणि आवाज गोड केला. "हे बघ, तुझं दुःख मला कळतं. आपण आत ऑफिसात बसून बोलू. ऊठ बघू."

"इथंच बोला, बाई. माझा नवरा कशानं मेला?"

"ते सगळ्यांना माहीत आहे. प्यायला होता तो. टाकीमुळं काही झालं नव्हतं."

"टाकीत शिरल्यानं काही होत नाही?"

"काही होत नाही."

थोरली उठली आणि दारातून बाजूला झाली. "मग घाला डोकं आत. नुसतं डोकं. तुम्ही तर प्यायलेल्या नाही ना?"

मालकीणबाईंनी मुकादमाकडे बघितलं.

"काही होत नाही म्हणालात ना? या. मी धरते तुम्हाला." थोरलीनं त्यांच्यापुढं हात केला.

मालकीणबाई मागं सरकल्या. ठरवून नाही, आपोआप. विस्तवापासून माणूस सरकतं तशा. पाठीमागच्या पाहुण्यावर त्या आदळल्या आणि त्याच्या ग्लासातली वाईन त्यांच्या बाहीवर सांडली.

ते सगळ्यांनी बघितलं.

"बघितलंत?" थोरली कामगारांकडे वळून ओरडली. आता तिचा आवाज फाटला होता. "यांना ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं! स्वतःचं डोकं घालत नाहीत, आमची माणसं घालतात!"

पाहुण्यांपैकी कुणीतरी "चला, निघू या आपण" असं पुटपुटलं. टाळ्या वाजवणारा माणूस सगळ्यात आधी गाडीकडे गेला. मुकादम कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हता. बागेतल्या दोघा गड्यांनी कुणालाही न विचारता शिडी लावली, वर चढून टाकीचं झाकण उघडलं आणि खालच्या दारासमोर पंखा आणून लावला. एवढं सोपं होतं ते. पंखा भिंतीलगतच होता. थोरली त्या फिरणाऱ्या पंख्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिला भडभडून आलं. रडताना ती शिव्या देत होती. कुणाला देत होती ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

दुपारी पोपट निरोप घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. थोरलीनं खोली सोडायची. बाकीच्यांना राहायला हरकत नाही.

"आणि ती गोष्ट?" धाकटीनं विचारलं. "ती सांगणार आहात की बंद?"

पोपटानं मान खाली घातली. "मला जे लिहून देतात ते मी सांगतो हो."

"मग हेही जाऊन सांगा. आम्ही पण निघालो." धाकटीनं पेटी ओढली आणि लंब्याला म्हणाली, "उभे काय राहिलात? गाद्या बांधा."

थोरलीनं जावेकडे बघितलं. धाकटी तिच्याकडे न बघता भांडी पोत्यात भरत होती. "काल फार बोलले मी," ती म्हणाली. "तेवढं विसरा."

"मीही कमी नाही बोलले."

म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. त्याला कुणी चला म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. तिघं सामान घेऊन रस्त्याला लागली. बऱ्याच वेळानं लंब्यानं मागं वळून बघितलं.

"बाबा येतायत," तो म्हणाला. "स्टूल घेऊन."

थोरली थांबली नाही.

टेकडीपलीकडं नासपतीची बाग होती. तिथं तोडणीला माणसं हवी होती. राहायला एक शेड होतं, कागदी खोक्यांनी अर्धं भरलेलं. खोकी एका बाजूला सारून त्यांनी गाद्या टाकल्या. सकाळी सगळी कामाला उभी राहिली, तेव्हा तिथल्या मुकादमानं लंब्याला खालून वर न्याहाळलं. "तुला शिडी नको, तूच शिडी," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मग त्याची नजर थोरलीवर गेली.

"तूच का ती? जिचा नवरा पिऊन टाकीत मेला?"

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. थोरलीनं दात आवळले. एवढं सगळं करून ती टेकडी ओलांडून आली होती, आणि खोटं तिच्या आधीच येऊन इथं उभं होतं. ती तोंड उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"प्यायला नव्हता तो."

म्हातारा रांगेच्या टोकाला उभा होता.

"मी त्याचा बाप. शुद्धीत होता माझा पोरगा. त्यांनी मारला."

"बरं बरं," म्हणत मुकादमानं टोपल्या वाटायला घेतल्या. म्हातारा थोरलीकडे बघत होता. तिनं काहीतरी म्हणावं, निदान एकदा बघावं, अशी त्याच्या चेहऱ्यावर आशा होती.

तिनं बघितलं नाही. हेच शब्द एक वर्षापूर्वी बोलायला हवे होते, तेव्हा बोलले गेले नाहीत, आणि ते वर्ष तिला कुणी परत आणून देणार नव्हतं. तिनं टोपली काखेला मारली, पहिल्या झाडाखाली गेली आणि फांदी खाली ओढली. नासपतीचा देठ हिरवट होता, सुटेना. तिनं पिरगाळून तोडला.